स्थानिक दुरुस्ती : उणे अकरा

"राज्यातील कोणत्याही शासकीय संगणकाचे घड्याळ चुकू शकत नाही."

हे वाक्य २०३६ साली, कालप्रमाण अधिनियम संमत झाला त्या दिवशी, सभागृहात बाके वाजवून मान्य करण्यात आले. पुढे ते प्रत्येक कार्यालयाच्या दारावर पितळी अक्षरांत लागले. मार्च २०४१ मध्ये याच वाक्याच्या आधारे तेजल मगदूम या एकतीस वर्षांच्या स्त्रीला तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या मृत्यूस जबाबदार धरण्यात आले. तिच्या चौकशी समितीवर मी होते. समितीत एक सदस्य विज्ञानाबाहेरचा असावा असा नियम आहे. अशा सदस्याने शेवटच्या पानावर सही करावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. मी चाळीस वर्षे ताम्रपट आणि शिलालेख वाचण्यात घालवली असल्यामुळे माझ्यापासून कोणालाही त्रास होणार नाही, असा अंदाज बांधला गेला असावा.

त्या वाक्यात खरे एवढेच आहे की देशात एका डोंगराच्या पोटात स्ट्रॉन्शियमच्या अणूंचे एक घड्याळ आहे. काही हजार अणू जवळजवळ गोठवून लेसर किरणांच्या जाळीत अधांतरी धरलेले असतात. त्यांना ज्या एका विशिष्ट रंगाचा प्रकाश मानवतो, त्याची आंदोलने मोजली जातात. एका सेकंदात ती सुमारे चारशे एकोणतीस लाख कोटी होतात. विश्वाचे आजवरचे सगळे आयुष्य हे घड्याळ चालत राहिले असते, तरी एका सेकंदाचाही फरक पडला नसता. त्या अणूंविषयी माझी काहीही तक्रार नाही.

परंतु जतवडे येथील आपत्कालीन प्रतिसाद केंद्राच्या टेबलावर ते अणू नाहीत. तिथल्या संगणकात तांदळाच्या दाण्याएवढा क्वार्ट्झचा स्फटिक आहे आणि उन्हाळ्यात तो दिवसाला दोन-तीन सेकंद चुकतो. म्हणून तो संगणक दर काही मिनिटांनी कार्यालयातल्या कपाटात ठेवलेल्या सर्व्हरला वेळ विचारतो. तो सर्व्हर विभागाच्या सर्व्हरला विचारतो, आणि विभाग डोंगरातल्या अणूंना. वरून उत्तर आले की खालचा आपले घड्याळ जुळवून घेतो आणि प्रत्येक नोंदीवर पुसता न येणारी एक संगणकीय मोहोर उमटवतो. हीच कालमुद्रा. ही वेळ वरच्याने दिली आणि वाटेत कोणी बदलली नाही, एवढीच ग्वाही मोहोर देते. वरच्याने दिलेली वेळ खरी होती का, हे सांगण्याची तिची प्राज्ञा नाही. प्रत्येकाने वरच्यावर विश्वास ठेवायचा आणि मान वर करून सूर्य कुठे आला ते कोणीही पाहायचे नाही, ही व्यवस्था आपल्या कचेऱ्यांना इतकी परिचयाची होती की तिचे स्वागतच झाले.

अधिनियमाच्या नवव्या कलमाने ठरवले की कालमुद्रा असलेल्या नोंदीविरुद्ध माणसाची तोंडी साक्ष ऐकली जाणार नाही, मोहोर नसलेली कोणतीही नोंदही नाही. दहाव्या कलमाने कार्यालयांतली भिंतीवरची घड्याळे उतरवली, कारण दोन घड्याळे असली की वाद होतो. मोबाईल दारातल्या पेटीत ठेवणे सक्तीचे झाले. त्या पेटीवर आजही पाटी आहे : "आपला मोबाईल कार्यालयाहून वेगळी वेळ दाखवत असल्यास तो दुरुस्त करून घ्यावा." केंद्राच्या संगणकावर तक्रार नोंदवण्यासाठी सत्तेचाळीस प्रकारांची यादी आहे. तीत प्रिंटर आहे, पंखा आहे, उंदरांनी कुरतडलेली वायरही आहे. 'घड्याळ चुकले' हा प्रकार नाही. चुकू न शकणाऱ्या वस्तूविषयी तक्रार कशी असेल?

आता घटना. जतवडे हे बेदाण्याचे गाव. बेदाणा ठेवायला तिथे मोठमोठी शीतगृहे आहेत आणि शीतगृहांत थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. मंगळवार, १९ मार्च रोजी अशाच एका शीतगृहात अमोनियाच्या नळीचा सांधा फुटला. पाळी-प्रमुख भरतेश चौगुले यांनी थेट तारेचा फोन उचलला. ही तार शीतगृहातून सरळ केंद्रात जाते. मधे टेलिफोन कंपनी नाही, त्यामुळे कोणाकडे दुसरी नोंद नाही. केंद्रात फोन घेतला तेजलने. बोलणे एकोणीस सेकंद झाले. भरतेशने फोन ठेवला, सहा कामगारांना बाहेर काढले आणि सातव्याला शोधायला तो परत आत गेला. सातवा मागच्या दाराने केव्हाच बाहेर पडला होता.

तेजलच्या संगणकाच्या नोंदीनुसार फोन आला तीन वाजून एकोणपन्नास मिनिटे आणि आठ सेकंदांनी, आणि संपला सत्ताविसाव्या सेकंदाला. रुग्णवाहिकेच्या आदेशाची नोंद केंद्रात राहत नाही; तिने पाठवलेला आदेश राज्य नियंत्रण कक्षात उमटला चार वाजून शून्य मिनिटे एकतीस सेकंदांनी. दोन्ही नोंदींवर कालमुद्रा; माणूस दगावल्याखेरीज अशा दोन नोंदी कोणी शेजारी ठेवून पाहत नाही. मधे अकरा मिनिटे आणि चार सेकंद. भरतेशला दहा मिनिटे आधी प्राणवायू मिळाला असता तर तो वाचला असता, असे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिले. अशा प्रकारे आरोपपत्र जवळजवळ आपोआप तयार झाले. सदोष मनुष्यवध, शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

समितीच्या पहिल्या बैठकीत केंद्रप्रमुख हेरंब सरदेशमुख तेजलच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनीच तिच्याविरुद्ध अहवाल लिहिला होता, आणि तो लिहिताना आपल्याला किती यातना झाल्या हेही त्यांनी अहवालात नमूद केले होते.

"साहेब, दाजींचा आवाज मी ओळखला," तेजल अध्यक्षांना म्हणाली. "ऐका ना, त्यात आहे, मी 'दाजी' म्हटलंय. फोन ठेवला आणि कळ दाबली. आपला माणूस आत अडकलाय म्हटल्यावर मी बसून कशाला राहीन?"

"कालमुद्रा म्हणते की आपण अकरा मिनिटे बसून होतात."

"मोहोर तिथं नव्हती, साहेब. मी होते."

अध्यक्षांनी नववे कलम वाचून दाखवले. दुसरे सदस्य नेहमी अध्यक्षांच्याच मताचे असत. त्यांनी मान डोलावली.

"बरं, मागं भोंगा वाजतोय तो ऐका," ती थांबली नाही. "साखर कारखान्याचा आहे. चारचा. पाळी सुटायचा. लहानपणापासून ऐकतोय आम्ही."

"भोंगा कोण वाजवतो?"

"माणूस वाजवतो, साहेब. बटण दाबून."

"मग झाले तर," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी पान उलटले.

तिने शेवटची गोष्ट सांगितली. संध्याकाळी पेटीतून फोन काढला की तो कार्यालयाच्या दहा-अकरा मिनिटे पुढे असायचा. पाटी वाचून तिने तो दोनदा दुकानात नेला, दुकानदार हसला. सहा वीसची एसटी तिला वर्षभर मिळत नव्हती. गाडी वेळेआधी सोडता म्हणून तिने आगारात जाऊन कंट्रोलरशी भांडणही केले होते.

यावर सरदेशमुखांनी हळुवारपणे एक कागद पुढे सरकवला. २० मार्चच्या सकाळी दोन पंचांसमक्ष केलेला पंचनामा. तेजल मगदूम यांचा मोबाईल आणि कार्यालयाचे घड्याळ यांत सेकंदाचाही फरक आढळला नाही. तेजलने तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि परत सरकवला.

भरतेशच्या पत्नीचा जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. स्वरूपा चौगुले. तेजलहून आठ वर्षांनी मोठी.

"बसा," ती म्हणाली. "चहा नाही विचारत. घरात दूध नाही. आणायला जातंय कोण?"

मी म्हटले, चहा नको.

"काय लिहायचंय ते लिहा. धाकटी बहीण आहे माझी. आई शेतात जायची, पाळणा मी हलवलाय तिचा. खोटं बोलली की तिचा डावा कान लाल होतो, ते आईलासुद्धा ठाऊक नाही. त्या दिवशी दवाखान्यात मला म्हणाली, 'आक्का, मी लगेच कळ दाबली.' मी कान बघितला. नव्हता लाल. मग कागद आला. अकरा मिनिटं. वर म्हणे माझा फोन पुढं असायचा. दुसऱ्या दिवशी बघितलं तर दोन्ही सारखे! आता तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा, मी तिच्या कानाचं ऐकू का सरकारचं?"

"तुम्ही काय केलंत?"

"दुखवट्याला आली होती. दार लावून घेतलं मी. बाहेर तासभर उभी होती. उभी राहू दे म्हटलं. बसायची सवय आहे तिला."

मी हे शब्द लिहून घेतले. त्या वहीचा मला तेव्हा तिरस्कार वाटला.

तिथून मी तेजलकडे गेले; ती आईकडे राहत होती. तिला आई एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, त्यात काही सापडले नाही. तरी कागदावर अकरा मिनिटे आहेत म्हटल्यावर त्यांनी एक लांबलचक नाव लिहून दिले आणि त्यापुढे 'संभाव्य' असे लिहिले. माणूस क्षणभर कोरा होतो, त्याला स्वतःला ते कळतही नाही, असे त्यांनी समजावले. अकरा मिनिटांचा क्षण त्यांना खटकला नाही.

तेजलने माझ्या हातात एक पत्र दिले. "मॅडम, हे समितीला द्या."

पत्रात तिने गुन्हा कबूल केला होता. फोन ठेवल्यावर आपण लगेच कळ दाबली असे आपल्याला आठवते, पण नोंद वेगळे सांगते त्याअर्थी आपण बसून राहिलो असणार. आपल्या आठवणीवर आपला विश्वास उरलेला नाही. होईल ती शिक्षा द्यावी.

"हे तुझ्या मनापासून आहे?" मी विचारले.

"मला आता बोट दिसतं, मॅडम. कळेवर ठेवलेलं. पण दाबलं का, ते दिसत नाही. आधी दिसायचं." ती हसली. ते हसू पाहवत नव्हते. "खरं सांगू का, कबूल केलं की आक्का निदान शिव्या तरी देईल. आत्ता ती काहीच बोलत नाही."

पुस्तके जाळणाऱ्या आणि शिलालेख फोडणाऱ्या राजवटींविषयी मी बरेच वाचले आहे. साक्षीदाराच्या डोक्यात शिरून त्याने स्वतः पाहिलेली गोष्ट खोडून येण्याइतकी सोय त्यांच्यापैकी कोणाकडेही नव्हती. आम्ही ती पाच वर्षांत, बाके वाजवून, उभी केली. ते पत्र मी समितीपुढे ठेवले नाही. हा नियमभंग आहे आणि तो मी इथे मान्य करते.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेले. सरदेशमुखांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, चहा मागवला.

"टेंबेबाई, तुमच्या क्षेत्रात शतकाची चूक खपून जात असेल," ते हसत म्हणाले. "इथे सेकंदाचीही खपत नाही."

"आमच्याकडे ती शोधायची पद्धत आहे," मी म्हटले. "चहा राहू द्या. संगणक पाहणारा माणूस द्या."

तो माणूस म्हणजे मोहसीन शिकलगार. वय पन्नाशीकडे झुकलेले, नोकरी कंत्राटी, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. पूर्वी तो लग्नकार्यांत आणि जत्रांत ध्वनिक्षेपक लावत असे. तेजलच्या संगणकापुढे बसून तो एकेक गोष्ट तपासू लागला आणि मला समजेल असे बोलू लागला.

"पहिलं बघायचं देश कुठला लावलाय. काही वेळा परदेशातली वेळ लागलेली असती. बरोबर हाय. मग हा सेल. हा मेला की संगणक बंद केल्यावर घड्याळ विसरतंय, चालू केलं की एकदम पंचवीस वर्षं मागं. सेल ठणठणीत. मग वरच्याला विचारतंय का? विचारतंय. वरचा बोलतोय का? बोलतोय. दिवा हिरवा." त्याने हात झटकले. "काही बिघाड न्हाई, मॅडम."

"आज नाही. १९ मार्चला?"

"घड्याळ फक्त आत्ताची वेळ सांगतंय हो. काल तू काय सांगितलंस असं विचारलं की गप्प."

"कपाटातल्या सर्व्हरमध्ये वेळ मागेपुढे करता येते का?"

त्याने दाराकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "एक जागा हाय. 'स्थानिक दुरुस्ती' म्हणून. तार लांब असली की वेळ पोचायला सेकंदाचा कोटीवा भाग उशीर लागतो, तेवढा भरून काढायला ठेवलीया. पण ज्यानं कुणी बनवली त्यानं मापांची अख्खी यादीच चिकटवली. सेकंद हाय, मिनिट पण हाय. पासवर्ड केंद्रप्रमुखांकडं. बदलल्याची नोंद राहत न्हाई. मी एकदा वर कळवलं होतं की ही यादी काढा. उत्तर आलं, तक्रारीचा प्रकार यादीत न्हाई."

"आत्ता तिथे काय आहे?"

"शून्य."

मी त्याला आमची पद्धत सांगितली. बनावट ताम्रपट करणारा राजाचे नाव बरोबर लिहितो, मुद्रा हुबेहूब पाडतो. मग दान पवित्र वाटावे म्हणून लिहितो की हे सूर्यग्रहणाच्या दिवशी दिले. तिथे तो सापडतो, कारण मुद्रा त्याच्या हातात असते आणि ग्रहण नसते. गणित मांडले की कळते, त्या वर्षी त्या अमावास्येला ग्रहण नव्हतेच. "मला त्या दिवसाच्या नोंदीत असे काहीतरी हवे आहे," मी म्हटले, "जे या कार्यालयात कोणाच्याही हातात नव्हते."

मोहसीन बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हर फिरवत राहिला. मग त्याने त्या एकोणीस सेकंदांचे ध्वनिमुद्रण लावले. भोंगा, आणि भोंग्यावरून ओरडणारा भरतेश : "तेजू, अमोनिया फुटलाय, गाडी पाठव!" मग तेजल : "दाजी? दाजी, बाहेर पडा तुम्ही!" मग खट्.

"खट् झाल्यावर काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"नीट ऐका."

खोलवर एक बारीक, एकसुरी गुणगुण होती.

"आयुष्यभर हिच्याशी भांडलोय मी," मोहसीन म्हणाला. "प्रत्येक जत्रंत स्पीकरमधनं हीच यायची. विजेची हाय ही. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होती. पण पन्नास म्हणजे बरोबर पन्नास कधीच न्हाई. कुठं पंप चालू झालं की जरा कमी, कारखाने सुटलं की जरा जास्त. आणि गंमत काय, ज्या क्षणाला इथं एकोणपन्नास पूर्णांक सत्त्याण्णव, त्याच क्षणाला दिल्लीत तेवढंच, गुवाहाटीत तेवढंच. सगळ्या देशाची एक नाडी. ती दर सेकंदाला कशी हलली, ते वीज सोडणारं राष्ट्रीय केंद्र लिहून ठेवतंय. आणि कुठलीही तार विजेच्या तारंशेजारनं गेली की ही गुणगुण तिच्यात उतरतीच. हे तुमचं ग्रहण."

"पण एकोणीस सेकंदांत काय जुळणार?"

"एकोणीस कशाला? थेट तार जिवंत हाय का कळावं म्हणून दिवसभर मुद्रित होती ती. फोन खाली ठेवलेला असतो, आवाज काही येत न्हाई. नऊ तासांची शांतता हाय आपल्याकडं. कुणी ऐकली न्हाई, एवढंच."

वीज केंद्राची नोंद मिळायला सव्वीस दिवस लागले. ती आली तेव्हा तिच्यावर राष्ट्रीय कालमुद्रा होती. मोहसीनने दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवले. तेजलच्या संगणकाने जिथे सकाळचे दहा लिहिले होते, तिथे देशाची नाडी दहा अकराची होती. दुपारी बारा तिथे बारा अकरा. जिथे तीन एकोणपन्नास आणि आठ सेकंद लिहिले होते, तिथे देशात चार वाजून आठ सेकंद झाले होते. कारखान्याचा तो बटण दाबणारा माणूस आठ सेकंदांपूर्वीच भोंगा चालू करून बसला होता. फोन संपला चार वाजून सत्तावीस सेकंदांनी. आदेश उमटला चार वाजून एकतीस सेकंदांनी.

चार सेकंद. फोन खाली ठेवून हात कळेपर्यंत न्यायला माणसाला तेवढे लागतातच.

आणि आलेखात आणखी एक गोष्ट होती. १९ मार्चच्या संध्याकाळी कार्यालयाच्या घड्याळात सहा एक्केचाळीसनंतर एकदम सहा बावन्न वाजले होते. मधली अकरा मिनिटे कार्यालयाने जगलीच नव्हती. त्या क्षणापासून दोन्ही नाड्या जुळल्या होत्या.

समितीपुढे मी आलेख मांडला. अध्यक्षांनी तो उलटा धरला, सुलटा धरला.

"बाई, मुद्रेविरुद्ध मुद्रा. अधिनियमात याची तरतूदच नाही."

"नाही. अधिनियम स्वतःच खोटी साक्ष देईल, हे कोणाच्या मनात आले नव्हते."

"आपल्या म्हणण्याप्रमाणे घड्याळ चुकू शकते, असे मी लिहू?"

"आपण काहीही लिहू नका. फक्त हजेरी मागवा."

हजेरीही त्याच सर्व्हरवर चालते. दारात चेहरा दाखवला की वेळ उमटते. चौदा महिने केंद्रातले कारकून नऊ चव्वेचाळीस, नऊ सेहेचाळीसला येत होते, म्हणजे इतके वक्तशीर की कोणालातरी संशय यायला हवा होता. सरदेशमुख रोज नऊ अठ्ठावन्न ते दहाच्या आत. २० मार्चपासून सगळे कार्यालय एका दिवसात अकरा मिनिटांनी उशिरा येऊ लागले. कारकून नऊ पंचावन्न, नऊ सत्तावन्न. सरदेशमुख दहा दहा, दहा अकरा. सुटायची वेळ मात्र सव्वासहाच होती, म्हणजे चौदा महिने सगळी माणसे खऱ्या सहा सव्वीसपर्यंत बसत होती. सरदेशमुख साडेपाचनंतर बहुधा दौऱ्यावर असत. १९ मार्चच्या संध्याकाळी ते अपवाद म्हणून परत आले होते. रात्रीचे फोन राज्य नियंत्रण कक्ष घेतो; त्यामुळे सहा एक्केचाळीसला केंद्रात त्यांच्याखेरीज एकाही चेहऱ्याची नोंद नव्हती.

मी एका कारकुनाला विचारले, चौदा महिने तुमचे फोन पुढे होते, कोणी काही बोलले कसे नाही? तो म्हणाला, "आम्ही फोनच्या कंपनीला शिव्या दिल्या, मॅडम. पाटीच होती तशी."

सरदेशमुखांना बोलावले. आलेख आणि हजेरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पाणी मागितले, आणि मग शांतपणे, कोणी न विचारता, लघुलेखकाच्या सोयीने सावकाश बोलले.

तेजलवरचा खटला मागे घेण्यात आला. मागे घेण्याच्या आदेशात कारण दिले आहे, 'नोंदींमधील तफावत'. मंत्रालयाने निवेदन काढले की या प्रकरणात घड्याळ चुकलेले नसून त्याला दिलेल्या सूचनेचे त्याने अचूक पालन केले, सबब मूळ विधान अबाधित आहे. पितळी अक्षरे तशीच आहेत. पेटीवरची पाटीही तशीच आहे. नववे कलमही तसेच आहे, आणि आज या क्षणी राज्यातल्या किती कपाटांत कोणाच्या सोयीची किती मिनिटे दडली आहेत, हे मोजण्याचा प्रस्ताव अध्यक्षांनी 'विषयबाह्य' म्हणून फेटाळला. माझे भिन्नमत परिशिष्टात टाकले आहे. परिशिष्ट कोणी वाचत नाही, म्हणून हे इथे लिहिले.

आदेशाची प्रत घेऊन मी स्वरूपाकडे गेले. तेजल माझ्याबरोबर आली, पण उंबऱ्याबाहेर थांबली. स्वरूपाने आदेशाचा कागद हातातही घेतला नाही.

"हे तुमचं सरकारी नको मला. सरकारी कागद वाचूनच तर हे झालं. तो माणूस काय बोलला ते द्या. तोंडानं बोलला ते. सुधारू नका, गोड करू नका."

लघुलेखकाची प्रत माझ्याजवळ होती. ती देण्याचा मला अधिकार नव्हता. मी दिली.

तिने उभ्यानेच वाचली. मग खाली बसून पुन्हा वाचली. मग दाराकडे न पाहता म्हणाली, "तेजू, कोपऱ्यावरनं अर्धा लिटर दूध घेऊन ये. बाईंना चहा टाकायचाय. आणि चपला आत काढ, कुत्रं नेतंय."

तेजल दुधाला गेली. स्वरूपाने कागदाची घडी घातली आणि मला परत दिली. "हे छापा," ती म्हणाली. तो कागद असा :

"होय. स्थानिक दुरुस्तीत उणे अकरा मिनिटे मीच घातली, १६ जानेवारी २०४० रोजी. माझे घर चाळीस किलोमीटरवर आहे, दहाला पोचणे जमत नव्हते. तीन लेट मार्क झाले की एक रजा जाते आणि मला मुलीच्या लग्नासाठी रजा शिल्लक हव्या होत्या. लग्न झाल्यावर काढायचे राहून गेले. अकरा मिनिटांनी कोणाचे काही बिघडेल असे वाटले नाही. १९ तारखेला शीतगृहावरून परत आलो, नोंदीतले आकडे पाहिले आणि काय झाले आहे ते मला लगेच कळले. मी दुरुस्ती शून्य केली. सकाळी पंचनामा मीच करून घेतला. मगदूम खरे बोलत आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ती समितीपुढे बोलत होती तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मला कोणी विचारले असते तर मी काय सांगितले असते ते आता सांगता येणार नाही. पण मला कोणी विचारलेच नाही. सगळे जण घड्याळालाच विचारत होते."